जुन्या गाडीचं इंजिन घरी दुरुस्त केलंय? आधी काय चुकलं तेही सांगा

मंडळी, माझ्याकडे १९९६ची मारुती ८०० आहे. कार्ब्युरेटरवाली, एमएच-१३, म्हणजे सोलापूरची. अजून रोज होटगी रोडवरून चिंचोळी एमआयडीसीला जाते-येते. गेल्या दोन वर्षांत ओळखीच्या चार घरांतून अशा गाड्या भंगारात गेल्या. त्यांची इंजिनं संपली नव्हती, बिघाड सापडेना म्हणून लोक कंटाळले. या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री आता थकलेत. नवीन पोरं स्कॅनर जोडून बघतात, आणि आपल्या गाडीत तो जोडायला जागाच नाही.

म्हणून हा धागा. फक्त एक विनंती. "अमुक पार्ट बदलला, गाडी झाली" एवढंच लिहू नका. आधी संशय कशावर होता, तो कुठे चुकला आणि खरं कारण कोणत्या तपासणीत हाती लागलं, ते लिहा. पुढच्या माणसाचे पैसे त्यानेच वाचतात.

सुरुवात माझ्यापासून. मे महिना, दुपारी अडीच, सावळेश्वर टोलनाक्याच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि तासभर कशालाही हात लावला नाही. (गरम रेडिएटरची टोपी उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, टोपी फिरली की थेट तोंडावर येतं.) ज्याने त्याने सांगितलं, हेड पॅकिंग (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं गास्केट) गेलं. मीही तेच धरून बसलो होतो. पण ऑइलची पट्टी स्वच्छ, दुधाळ रंग नाही, गार इंजिन चालू करून पाहिलं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. मग हेड का उतरवायचं?

८००चा पंखा विजेवर चालतो, पाणी तापलं की एक स्विच तो आपोआप चालू करतो. पंख्याच्या स्विचची वायर काढली, चावी फिरवली आणि दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडली. पंखा फिरला. म्हणजे मोटर, फ्यूज ठीक, बिघाड स्विचमध्ये. स्विच काढला, पातेल्यात गरम पाण्यात बुडवून मीटर लावलं. पाणी उकळायला लागलं तरी मीटर गप्प. नवीन स्विच आणायला चप्पल घातली होती, तेवढ्यात त्याच्या टोकाकडे लक्ष गेलं. पितळ दिसतच नव्हतं. गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा, खडबडीत थर, अंड्याच्या कवचाएवढा जाड. सुरीने खरवडला, पुन्हा पाण्यात टाकला आणि मीटर वाजलं.

स्विच चांगला होता, त्याच्यापर्यंत उष्णता पोचत नव्हती. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे गाडीत सर्रास बोअरचं जातं. मीही दहा वर्षं तेच ओतलं. तो थर स्विचवर होता तसा रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या आतही होताच. रेडिएटर साफ करून घेतला, ब्लॉक तीनदा धुतला. आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. आणखी एक: आधीच्या कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढूनच टाकला होता, "सोलापूरच्या उन्हात कशाला" म्हणून. तो परत बसवला. त्याच्याशिवाय इंजिन सकाळी लवकर तापत नाही आणि पेट्रोल जास्त जळतं.

आता तुम्ही लिहा.

● मुरारजी पेठ, प्रीमियर पद्मिनी

बाबांची गाडी आहे. ते गेल्यापासून मीच सांभाळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वीस-पंचवीस मिनिटं छान चालायची आणि अचानक बंद. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू. बाबा नेहमी म्हणायचे, उन्हाळ्यात गाडीच्या पेट्रोल पंपात वाफ धरते, ओलं फडकं टाक. पद्मिनीचा पंप इंजिनलाच लागून असतो, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. मी फडकं टाकायचे, थोडं थांबायचे, गाडी चालू व्हायची. दोन उन्हाळे मी याच समजुतीत काढले. फडक्याने गाडी चालू होत नव्हती, ते सुकेपर्यंत जो वेळ जायचा त्याने होत होती, हे तेव्हा कळलं नाही.

डिसेंबरात पहाटे तुळजापूरला निघालो. घाटात, चांगल्या थंडीत, तशीच बंद पडली. थंडीत वाफ कुठून धरेल? त्या दिवशी पहिल्यांदा, गाडी बंद असतानाच तपासलं. एअर फिल्टर काढून अॅक्सिलरेटरची दांडी ओढली, कार्ब्युरेटरच्या जेटमधून पेट्रोलची धार आली. पेट्रोल आहे. मग एक प्लग काढला, वायरला लावून इंजिनच्या धातूला टेकवला, भावाला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही. (प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि उघड्या धातूला हात नको.) ठिणगीची वीज बनवणाऱ्या कॉइलला हात लावला तर ठेवता येईना इतकी तापलेली.

घरी आल्यावर कॉइलचा रेझिस्टन्स मोजला. गार असताना बरोबर. गाडी बंद पडल्यावर लगेच मोजला तर मीटर अनंत दाखवत होतं. आतली तार तापली की तुटत होती आणि गार झाली की टेकत होती. कॉइल बदलली. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडलीच होती, म्हणून पॉइंटही (कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) पाहिले. एकावर बारीक टेकाड, समोरच्यावर तेवढाच खड्डा. हे कंडेन्सर बिघडल्याचं लक्षण. दोन्ही बदलले, फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचं माप) ०.४ मिलिमीटर गॅप ठेवली. बाबा त्या जागी व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघायचे. गेज त्यांच्याच डब्यात निघालं, कागदात गुंडाळलेलं.

● भवानी पेठ, ओम्नी

सेल्फ मारला की नुसतं टिक. बॅटरी बदलली, आठवड्याने पुन्हा टिक. बॅटरी १२.६ व्होल्ट, काही दोष नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारला. दोन व्होल्टच्या वर दाखवलं, अर्ध्याच्या आत पाहिजे. अर्थिंगची (निगेटिव्हची) पट्टी बॉडीला बसते तिथे रंगाखाली गंज. पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला. काम झालं. नवीन बॅटरीचे पैसे फुकट गेले.

● अक्कलकोट रोड, मारुती ८००

मी पॉवरलूमवर जॉबर होतो, माग दुरुस्त करायचो, तीस वर्षं. मागाच्या आवाजावरून कुठला पार्ट सैल झालाय हे सांगायचो. त्याच सवयीने इथे मी चुकलो.

गाडी मिसिंग मारालती, विशेषतः आयडलिंगला. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक गेला की सगळी गाडी हलते. रबरी मुठीच्या पकडीने प्लगच्या वायरी एकेक काढून पाहिल्या. तिसरी काढली तरी इंजिनात फरक पडेना, म्हणजे तो सिलिंडर काम करत नव्हता. प्लग बदलला, वायर बदलली, फरक नाही. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) ऐकले. पहिल्या दोन सिलिंडरचा बारीक टकटक आवाज, तिसरा एकदम शांत. मला वाटलं, हाच तेवढा चांगला आहे. मागात आवाज वाढला की बिघाड असतो. टॅपेटचं उलटं आहे. फार शांत टॅपेट म्हणजे गॅपच उरली नाही, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि गरम वायूने हळूहळू जळतो.

कॉम्प्रेशन गेज आणून बघितलं. पहिले दोन १७० पीएसआयच्या आसपास, तिसरा ९०. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं, वाढलं नाही. रिंग झिजल्या असत्या तर वाढलं असतं, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून. एग्झॉस्टच्या टॅपेटमध्ये सगळ्यात पातळ पट्टीही जाईना. गार इंजिनवर मॅन्युअलप्रमाणे गॅप लावली, चार दिवसांत कॉम्प्रेशन १५०वर आलं. वेळेत सापडलं, नाहीतर व्हॉल्व्ह बदलायला लागला असता.

● धागा काढणारा

काका, "शांत टॅपेट" हे मी कुठेच वाचलं नव्हतं. आज रात्रीच माझे तिन्ही ऐकतो.

● मंगळवेढा, डिझेल जीप

सकाळी चालू होईना. डिझेलचा हातपंप मारून पाईपातली एअर काढली की चालू. दुसऱ्या सकाळी परत तेच. डिझेल कुठे गळतंय ते आठवडाभर शोधलं, एक थेंब नाही. टाकीपासून पंपापर्यंतचा पाईप ओढीचा असतो. त्याला चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मधे हातभर पारदर्शक पाईप घातला, इंजिन चालू असताना बुडबुडे पळताना दिसले. क्लिपखाली केसाएवढी चीर होती.

● जुळे सोलापूर, १९९७ची झेन

माझं घरचं काम फसलं, तेही लिहितो. गाडी एकदा भयंकर हीट झाली, हेड पॅकिंग खरोखर गेलं. एक्झॉस्टमधून पांढरा धूर, ऑइल दुधाळ. हेड मी स्वतः उतरवलं, नवीन पॅकिंग टाकलं, टॉर्क पाना भाड्याने आणून मधून बाहेर अशा क्रमाने बोल्ट आवळले. पंधरा दिवसांत पॅकिंग परत गेलं. लेथवाल्याने हेडवर सरळ पट्टी ठेवली आणि मधे फिलर गेज सरकवून दाखवलं, गेजची पट्टी आरपार जात होती. अॅल्युमिनिअमचं हेड तापून वाकलं होतं. लेथवर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट केल्यावर आजवर टिकलं आहे. हेड उतरवलं की ते मापून घेतल्याशिवाय चढवू नका. हे काम घरी होत नाही.

● विजापूर रोड, मारुती ८००

गाडी चार महिने उभी होती. चालू केली आणि पेट्रोलचा वास. कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतोय असं समजून फ्लोट, नीडल सगळं काढलं. जेटमध्ये काळे रबराचे कण. ते आले कुठून हे शोधताना पंपाचा पाईप वाकवला, तर बाहेरून चकचकीत आणि आतून फुगून सोललेला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्यांचे मूळ पाईप त्यासाठी बनलेले नव्हते. आपला उसाचा जिल्हा आहे, इथेनॉलला माझा विरोध नाही. पण तापलेल्या इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेटते. इथेनॉलला चालणारे पाईप आणि नवीन क्लिपा, खर्च फार नाही, या आठवड्यातच करून घ्या. गाडी उभी ठेवायची असेल तर पेट्रोलही महिनोन् महिने ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

● सात रस्ता, मारुती ८००

मदत हवी आहे. सकाळी चोक ओढला की एका सेल्फला चालू. दुपारी सिग्नलला उभी राहिली की बंद. मिस्त्री कॉइल बदलायला सांगतोय. बदलू का?

● धागा काढणारा

दादा, इतक्यात बदलू नका. पद्मिनीवाल्या ताईंनी घाटात केलं तसं, गाडी बंद पडलेली असतानाच बघा. आधी जेटमध्ये पेट्रोल, मग प्लगला ठिणगी. गार झाल्यावर बघून काही कळणार नाही. प्लगचा पाना आणि एक जुना प्लग डिकीत ठेवा.

● सात रस्ता, मारुती ८००

आज पार्क चौकात बंद पडली. सावलीत ढकलली आणि लगेच बघितलं. ठिणगी निळी, जोरदार. जेट कोरडा. पंपाकडे येणारा पाईप काढला तर टाकीकडून पेट्रोल येतंय, पंपातून पुढे जात नाही. रविवारी पंप उघडतोय. आतला पडदा कसा निघतो त्याचा फोटो टाकतो.