पद्मिनी परत रस्त्यावर आणायचीय, बजेट सत्तर हजार, सुरुवात कुठून करू?

गिरगावचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमच्या काकांची १९८८ ची प्रीमियर पद्मिनी बिल्डिंगच्या आवारात कितीतरी वर्षं कव्हर घालून पडून आहे. काका आता गावी राहायला गेले, म्हणाले तुला हवी तर ठेव नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाक, पण तो स्टिअरिंगजवळचा हँड गिअर बघितला की द्यायला मन होत नाही. सध्याची परिस्थिती: ब्रेक दाबला की पॅडल थेट जमिनीला टेकतं, टाकीचं झाकण उघडलं की डोळ्यात पाणी येईल असा वास, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा दाबला की कुरकुरतो आणि आरसीची मुदत केव्हाच संपलीय. एका गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता "आधी फुल पेंट मारू, बाकीचं मग बघू" म्हणून दीड लाख सांगितले. सत्तर हजारांत काही होईल का? पार्ट कुठे शोधू, कुर्ला की चोर बाजार? सोसायटीची मीटिंग आली की माझ्याच गाडीचा विषय निघतो, म्हणून जरा घाई आहे.

डेल्कोवाला:
त्या गॅरेजवाल्याला लांबूनच रामराम करा. पेंट सगळ्यात शेवटी, आणि पैसे उरले तरच. पहिलं काम पायाखालचा तो पत्रा, कारण या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, त्यामुळे फ्लोअर आणि दरवाज्याखालची पट्टी सडली असेल तर वरून कितीही चकाचक केली तरी काय उपयोग. मॅट काढा, डांबरासारखा थर असेल तो खरवडा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा, आत गेलं की तिथला पत्रा कापूनच नवीन वेल्ड करायचा. डेंटर "वरून फायबर मारतो, लांबी (पुटी) भरतो" म्हणाला तर दुसरा डेंटर बघा.

मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, इतकी वर्षं उभी म्हणजे व्हील सिलिंडर (ब्रेकचे शूज ढकलणारे) जाम झालेले असणार. लगेच नवीन घ्यायला धावू नका, मिळतात पण डुप्लिकेट भरपूर. जुने कंपनीचे असतील तर लेथवाल्याकडून आत स्लीव्ह (नवीन नळी) बसवून घ्या आणि रबर किट नवीन टाका, शूजना नवीन लायनिंग रिव्हेट करून मिळतं, हे सगळं नवीन सेटपेक्षा स्वस्त पडतं आणि टिकतंही. ब्रेकचे रबरी होज मात्र जुने अजिबात ठेवू नका.

टाकी खाली उतरवा, आत पाणी आणि सायकलची जुनी चेन टाकून दोघांनी धरून हलवा, काय लाल चिखल निघतो ते बघाल. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल आहे, त्यातलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोल पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) इथेनॉलला टिकणाराच मागा. गाडीतला हा पंप इंजिनला चिकटून असल्यामुळे तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडणारच, टॅक्सीवाले त्यावर ओलं फडकं टाकायचे, तेच करा.

स्टार्टर आत्ता मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, दोनेक दिवस तसंच ठेवा, मग पान्याने पुली हाताने फिरवून बघा. मोकळी फिरली तर बोरिंगचा (सिलिंडर आतून घासून घेण्याचा) खर्च बहुतेक वाचला.

पार्टचं म्हणाल तर ही गाडीच कुर्ल्यात बनायची! तिथल्या सीएसटी रोडला जुने पार्ट, तर गॅस्केट आणि पॉइंट-कंडेन्सर (इग्निशनचे पार्ट) असा नवीन माल ऑपेरा हाऊसला, आणि हँडल, काचा, बिल्ले असलं काही हवं असेल तर चोर बाजार. जुना पार्ट सोबत घेऊन जा, मोबाईलमधला फोटो दाखवून काउंटरवर काही होत नाही. शेवटी शेवटी फ्लोअर गिअरवाली पद्मिनी पण आली होती, त्याचा गिअरबॉक्स कोणी गळ्यात मारत नाही ना ते बघा.

शिवडी_एक्स्प्रेस:
एवढा उपद्व्याप कशाला, व्हिंटेज म्हणून रजिस्टर करा ना, सगळे प्रॉब्लेम संपतील.

फॉर्म_पंचवीस:
नाही हो दादा. व्हिंटेजसाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते, ही ८८ ची आहे. आणि व्हिंटेज नंबरवर रोज भाजी आणायला जाता येत नाही, रॅली-प्रदर्शन वगैरेपुरतीच.

गिरगावचा पोरगा, कागदांचे पैसे आधीच बाजूला काढा, ते सगळे विसरतात. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला रजिस्ट्रेशन रिन्यू करायला १० हजार फी आहे, वर उशिराचे महिन्याला ५०० चढत जातात, शिवाय पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट. म्हणजे सत्तरातले बरेच इथेच गेले. गाडी तपासायला आरटीओत न्यावी लागेल, म्हणून ब्रेक आणि लाइट झाल्याशिवाय अर्ज करू नका. पण तुमच्या नावावर ट्रान्सफर करायची असेल तर काकांच्या सह्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर आत्ताच घेऊन ठेवा, ते गावी असताना परत परत पळापळ नको.

गिरगावचा_पोरगा:
सगळ्यांना धन्यवाद. पुली फिरली!! पण इंजिनच्या हेडखालच्या गॅस्केटच्या कडेला पाणी झिरपल्याचे डाग आहेत. सीएसटी रोडला एक जण टॅक्सीचं पूर्ण हेड देतोय, म्हणतो "चालू गाडीचं काढलंय". घेऊ का?

डेल्कोवाला:
चालू गाडीचं कुठून काढलं त्याने? मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्येच संपल्या. त्यातून त्या सीएनजीवर पळालेल्या, सीएनजी कोरडा असल्यामुळे व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) खाल्लेल्या असतात. आधी स्वतःचं हेड उतरवा आणि लेथवाल्याकडे सरळ आहे का ते चेक करा, थोडं वाकलं असेल तर फेसिंग (घासून सपाट करणं) होतं. अगदीच क्रॅक निघालं तरच त्याच्याकडे जा, आणि तेव्हा व्हॉल्व्ह काढून सीट बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. तो "काढून दाखवत नाही" म्हणाला तर समजून जा.