जुनी गाडी, जड गिअर: तुमचे अनुभव लिहा

कर्रकर्र
काल पार्किंगमध्ये कुणीतरी रिव्हर्स टाकला आणि तो ओळखीचा 'कर्रर्र' ऐकू आला. माझी जुनी टू-सीटर आठवली. माझ्याकडे आली तेव्हाच २० वर्षांची होती. पहिला पडायचा नाही, दुसरा पडला तर उपकार केल्यासारखा. दोन मेकॅनिक म्हणाले, गिअरबॉक्स उतरवा. तिसरे काका गाडीत बसलेसुद्धा नाहीत. "इंजिन बंद कर, सगळे गिअर टाकून बघ." अलगद पडले सगळे! "मग बॉक्सला का शिव्या देतोस? क्लच सुटत नाहीये, पेडल दाबूनही इंजिन बॉक्सपासून वेगळं होत नाहीये." खाली वाकून त्यांनी स्लेव्ह सिलिंडरचं (तेलाच्या दाबाने क्लच ढकलतो तो) रबरी टोपण नखाने उचललं, तर आतून काळपट ब्रेक ऑइल थेट मनगटापर्यंत ओघळलं. सील बदललं, पाइपातली एअर काढली, झालं काम.
लिहा तुमचंही.

पेडलपंडित
आमची दोनदा पंप मारल्याशिवाय गिअर घ्यायची नाही. सिग्नलला बायको म्हणायची, शिवणयंत्र चालवतोयस का. बाटलीत तेल जिथल्या तिथे, बाहेर एक थेंब नाही, म्हणून मास्टर सिलिंडरवर (पेडलजवळचा, तेलाला दाब देणारा) कुणी संशयच घेईना. आतल्या आत सील सोडत होतं.
बाय द वे, फक्त स्लेव्हचं सील बदललंत? मास्टर किती दिवस टिकला मग?

कर्रकर्र
चार महिने 😄

निळी_छत्री
माझं उलट. बाकी गिअर छान, दुसराच रुसलेला, तोही सकाळी थंड असताना. दहा मिनिटं चालवली की शहाणा. आधीच्या मालकाने जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल भरलं होतं. जुन्या बॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या) असतात, त्यांना बऱ्याचदा जीएल-४ लागतं. जीएल-५ फार निसरडं, रिंग गिअरला पकडून वेग जुळवणार कशी? ऑइल बदलल्यावर ८० टक्के फरक पडला. उरलेले २० टक्के म्हणजे झिजलेली रिंग, तिच्याशी मी जुळवून घेतलंय. (कपडे वाळत घालायचेत, नंतर येते.)

आजोबांचा_नातू
सिंक्रोवरून आठवलं. आजोबा प्रत्येक गिअरला डबल क्लच मारायचे, गरज असो नसो. क्लच, न्यूट्रल, खाली येताना थोडी रेस, परत क्लच. सिंक्रोमेश (या रिंगांची यंत्रणा) पहिल्यांदा १९२८ मध्ये कॅडिलॅकने आणला म्हणतात, पण आजोबांपर्यंत ती बातमी पोचली नव्हती बहुतेक. निळी_छत्री ताई, दुसऱ्यावर उतरताना करून बघा, रिंगेचं आयुष्य वाढेल.

गुडघेदुखी
माझं पेडलच दगडासारखं जड आहे, त्याचं काय? डावा गुडघा गेला.

पेडलपंडित
गिअर जड आणि पेडल जड हे दोन वेगळे आजार आहेत हो. केबल असेल तर ती सुकलीय का बघा, नाहीतर क्लच ढकलणारा फोर्क जिथे टेकतो ती जागा किंवा क्लच दाबून धरणारी प्रेशर प्लेट. गुडघ्याला शेक द्या.

स्पॅनर_१३
काकांची टेस्ट बरोबर, पण अर्धी. पायलट बेअरिंग (बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक इंजिनच्या बाजूला ज्यात फिरतं ते) जाम झालं असेल तरी असंच होतं: क्लच पूर्ण सुटतो, पण हा शाफ्ट इंजिनच्या क्रँकसोबत फिरतच राहतो. मी आधी दोन्ही सिलिंडर बदलले, मग होज, म्हणजे तेलाची रबरी नळी (जुना होज आतून फुगून रस्ता बंद करतो, तोही बघा), शेवटी बॉक्स उतरवलाच. बेअरिंग बोटाने फिरेना, छिद्रात तांबूस भुकटी.
क्लच दाबून पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरी कर्रर्र आला तर शाफ्ट अजून फिरतोय.
आणि क्लचचं तेल दोन वर्षांनी बदला रे. डॉट ४ (ब्रेक-क्लचच्या तेलाचा एक दर्जा) नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तीच हद्द १५५ वर येते. उन्हातल्या ट्रॅफिकमध्ये पेडल मऊ पडतं ते उगाच नाही.

लाजरा_ड्रायव्हर
नाव बदलून लिहितोय. तीन आठवडे मेकॅनिककडे खेटे घातले. पेडलखाली नवी जाड मॅट सरकली होती. क्लच तळाला जातच नव्हता.

आजोबांचा_नातू
😂😂 बिल किती झालं ते विचारत नाही.

निळी_छत्री
आले परत. डबल क्लच करून बघितला, दुसरा पडला! रेस जरा जास्तच झाली, शेजारचा कुत्रा भुंकला.

गुडघेदुखी
लाजरा भाऊ, तुमचं वाचून आत्ता खाली जाऊन बघितलं.
माझ्याकडे दोन मॅट निघाल्या. एकावर एक.