फायनल फँटसी ८ : सातनंतर पुढचं पाऊल की घसरण?

मटेरियाप्रेमी :
फायनल फँटसी या व्हिडिओ गेम मालिकेत १९९७ ला सात आला, १९९९ ला आठ. दोन्हींचे दिग्दर्शक योशिनोरी कितासे. तरी माझ्या मते आठनं सातचं सर्वांत चांगलं तेच टाकून दिलं. सातमध्ये मटेरिया (जादू देणारे गोळे) शस्त्राच्या खाचेत बसवा, लढत राहा, ते वाढत जातं. जादू मनसोक्त वापरा, एमपी (जादूचे गुण) संपले तर ते भरणारं इथर आहेच. आठमध्ये जादू ताकदीला 'जंक्शन' करायची, जोडायची. म्हणजे वापरली की साठा घटला, साठा घटला की ताकद घटली. त्यात आपली लेव्हल वाढली की शत्रूंचीही वाढते. मग लढायचं कशासाठी?

पत्तेबाज :
पूर्ण असहमत. 'ड्रॉ' करून (शत्रूकडून खेचून) शंभर-शंभर जादू गोळा करत बसलं तर हा खेळ कंटाळवाणाच होणार. साठा रिफाइन करून, म्हणजे वस्तूंची जादू बनवून, भरायचा असतो. डॉलेट शहराच्या मनोऱ्यावर एल्वोरेट या बॉसकडून सायरन ही साथीदार शक्ती ड्रॉ करा, तिला एल मॅग-आरएफ हे रिफाइनचं कौशल्य शिकवा. एका तंबूचे १० क्युरागा (बरं करणारी जादू) होतात, तंबू १,००० गिलला (गिल म्हणजे खेळातलं चलन). दहा तंबूंचे १०० क्युरागा एचपीला (जीवनशक्तीला) जोडले की २,२०० ची भर! सुरुवातीला नायक स्क्वॉलचा एचपी पाचशेच्या आसपास असतो, हे ध्यानात घ्या. गिल पगारातून येतात, म्हणून मेनूतल्या लेखी परीक्षा देऊन सीड (पगारी सैनिक) दर्जा वाढवा. स्क्वॉलच्या लेव्हलइतक्याच परीक्षा देता येतात.

लेव्हलची चिंता असेल तर क्वेझाकोटल या दुसऱ्या साथीदार शक्तीची 'कार्ड' ही कला ४० एपीत (कौशल्यगुणांत) येते. शत्रूला अर्धमेला करून त्याचा पत्ता बनवा. लेव्हल वाढवणारा ईएक्सपी मिळत नाही, एपी मिळतात.

मटेरियाप्रेमी :
मान्य, पण नवख्याला हे कळणार कसं? तो ड्रॉ करतो, अडकतो, म्हणून आणखी लढतो. दर १,००० ईएक्सपीला लेव्हल वाढते, जंक्शन तेवढंच राहतं, शत्रू मात्र आणखी जड होतो. सातमध्ये अडकलात तर थोडं जास्त लढून सुटता येतं, कारण तिथला शत्रू जागच्या जागी असतो. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

जुनी डिस्क :
हा मुद्दा बरोबर. पण सातचा तोल सुटत नाही असं समजू नका. मास्टर झालेला, म्हणजे पूर्ण वाढलेला 'ऑल' (एक मटेरिया) १४ लाख गिलला विकला जातो, शिवाय मास्टर होताना नवा 'ऑल' देऊन जातो. त्यापुढे पैशाची अडचण उरतच नाही.

पत्तेबाज :
आणि साठ्याच्या भीतीबद्दल : अल्टिमेशिया या खलनायिकेविरुद्धच्या शेवटच्या लढाईत एखाद्या जादूचा साठाच उडवला जातो आणि त्यावर उभी असलेली ताकद तिथेच कोसळते. लढाईत उतरणारे पहिले तिघं कोण, हेही खेळच ठरवतो. मोजक्या तिघांनाच जंक्शन केलेला खेळाडू इथे उघडा पडतो. सातच्या मटेरियात असा डाव टाकताच आला नसता.

मटेरियाप्रेमी :
डाव जबरदस्त आहे, हे कबूल. पण तो चौथ्या डिस्कवर येतो, आणि नवखा पहिल्याच डिस्कवर खेळ सोडतो.