मदत हवी आहे: लाँगआर्मवर लुगड्यांची गोधडी, वळणावर टाका बिघडतो

नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत असते. मागच्या हिवाळ्यात जुनं १८ इंची लाँगआर्म मशीन (फ्रेमवर ताणलेल्या कापडावरून फिरवत क्विल्ट शिवायचं मोठं मशीन) घेतलं, १० फुटी फ्रेमसकट. गॅरेजमधली गाडी तेव्हापासून बाहेर बर्फात!

नेहमीच्या क्विल्टवर तक्रार नाही. आता आईच्या सुती लुगड्यांची गोधडी लावलीय. आत बॅटिंग (मधला मऊ भरणीचा थर) नाही, नुसते चार पदर. इथेच घोडं अडलंय. सरळ रेषेत टाका सुरेख पडतो, पण गोल वळण घेतलं की मागच्या बाजूला वरचा दोरा पापणीच्या केसांसारखा उभा राहतो. उजवीकडून डावीकडे गेलं की टाकेही सुटतात.

१८ नंबरची नवी सुई घातली, खाच मागे ठेवून. बॉबिन केसच्या (खालच्या दोऱ्याच्या डबीच्या) पट्टीखालून तूस काढलं (त्यात माझा एक पांढरा केसही निघाला), हुकला (खाली वरचा दोरा पकडणाऱ्या फिरत्या भागाला) तेलाचा थेंब दिला. बॉबिन केस दोऱ्याला लटकवून हलका झटका दिला की कोळ्यासारखी जरा उतरते नि थांबते, म्हणजे खालचा ताण बरा असावा. वरचा वाढवला तर दोरा पिंजून तुटतो.

मला शंका हॉपिंग फूटची (सुईबरोबर वरखाली होत कापड दाबणाऱ्या पायाची) आहे. थर पातळ, त्यामुळे फूट उंच राहून कापड सुईबरोबर वर उचललं जातंय का? पातळ थरांसाठी तुम्ही ते किती खाली घेता? शिवाय कापड ढोलकीसारखं ताणलंय, ते सैल करू का? हुकच्या टायमिंगला (सुई नि हुकची वेळ जुळवण्याला) एवढ्यात हात लावायचा नाहीये.