दहावीला ८८ टक्के, पोरीला आयटीआय इलेक्ट्रिशियन करायचं आहे. या वाटेने गेलेल्यांनी स्वतःचं सांगावं (मदत हवी आहे)

इतवारीचा_मुनीम

मंडळी, नमस्कार. सल्ला घरबसल्या भरपूर मिळून राहिला आहे, तो नको. मला ते लोक हवेत जे स्वतः आयटीआय किंवा डिप्लोमा करून पोटाला लागले. काय शिकलात, पहिला पगार कुठे उचलला, आज काय करता, एवढं सांगा. पस्तावला असाल तर तेही सांगा.

आमचं असं आहे. मी नागपुरात इतवारीत एका धान्याच्या ठोक दुकानात हिशेब पाहतो. बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षा देत होतो, तोवर तात्पुरतं म्हणून इथे बसलो. त्याला आता २२ वर्षं झाली. आधी लाल वह्या होत्या, आता टॅली आहे, खुर्ची तीच.

पोरगी एकुलती. यंदा दहावीला ८८.४० टक्के. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन घरी आलो तर तिचे मामा आधीच येऊन बसलेले, हातात दोन क्लासेसची माहितीपत्रकं. क्लास आणि कॉलेज एकत्र, कॉलेजात रोज जायची गरज नाही, प्रॅक्टिकलला तेवढं तोंड दाखवायचं. दोन वर्षांची फी ऐकली आणि माझा पेढा हातातच राहिला. पोरगी म्हणाली, "मला आयटीआयला जायचं आहे. इलेक्ट्रिशियन." मामा हसले. त्यांना वाटलं गंमत करते.

गंमत नव्हती. एप्रिलमध्ये कुलर काढला, नवी खस लावली, पाणी भरलं, तर पंखा फिरेना. नुसता हुंकार. मिस्त्री म्हणाला पाच दिवसांनी येतो, त्याचाही सीझन. बाहेर ४४ डिग्री. पोरीने लाकडी पट्टीने पातं जरा ढकललं, तर पंखा आपोआप वेग घेऊ लागला. "बाबा, मोटर चांगली आहे, कंडेन्सर गेलं." जुन्यावरचा आकडा वाचून चौकातून तसंच अडीच एमएफडीचं आणलं, प्लग काढून बाजूला ठेवला आणि दहा मिनिटांत बसवलं. इथवर मी कौतुकाने बघत होतो. मग तिने प्लग उघडला आणि मला हाक मारली. पिना तीन, वायरी दोन. मोठ्या पिनेला, म्हणजे अर्थिंगला, काहीच नाही.

"ही वायर कोणी कापली?"

कोणी म्हणजे मीच. कधीतरी जोड तोकडा पडला असेल. पत्र्याचा कुलर, आत पाणी, आणि त्याची आई... तिची आई रोज सकाळी ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून त्यात पाइप सोडते. कुलरच्या शॉकने माणूस गेल्याची बातमी आपल्याकडे दर उन्हाळ्यात येते, आपण वाचतो आणि पान उलटतो. तिने तीन कोरची वायर आणायला लावली. नंतर बोर्डातच अर्थिंग येते का ते टेस्ट लॅम्पने पाहिलं. फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब पूर्ण उजेडाने लागला, तेव्हा कुठे कुलर लावू दिला.

हे सगळं ती गल्लीतल्या रिवाइंडिंगवाल्या काकांच्या दुकानात स्टुलावर बसून शिकली. आम्हाला वाटायचं, तिथे पंखा मोठा आहे म्हणून जाते.

आता माझी अडचण. तिच्यावर माझा विश्वास आहे, पण चारचौघांत "आयटीआय" म्हणताना माझाच आवाज खाली येतो. आजी म्हणते, लग्नाच्या वेळी काय सांगायचं? आमच्या अख्ख्या खानदानात हाताचं काम आवडीने निवडलेला एक माणूस नाही, विचारू कोणाला? म्हणून इथे विचारून राहिलो.

कॉटन_मार्केट

८८ टक्के घेऊन आयटीआय? काहून, भाऊ? आधी सायन्स करू द्या. नाहीच जमलं तर बारावीनंतर आयटीआय आहेच. आणि पोरीच्या जातीने शिडीवर चढून पंखे लावायचे का?

इतवारीचा_मुनीम

घरचे पंखे दिवाळीत तीच शिडीवर चढून पुसते, तेव्हा कोणी जात काढत नाही. बाकी "नाहीच जमलं तर" यावरच तर तिचा राग आहे.

तारतंत्री

काका, मी याच वाटेने गेले म्हणून लिहिते. लांबेल जरा.

२०११ ला दहावी, ७१ टक्के. बाबा ऑटो चालवायचे. लवकर कमावणं भाग होतं, म्हणून आयटीआय. तुमच्या मुलीसारखी आवड वगैरे नव्हती, खरं सांगते. इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा ट्रेड. २० च्या बॅचमध्ये आम्ही दोघी. पहिले काही आठवडे वीज दिसलीच नाही. कानस दिली हातात आणि लोखंडाचा तुकडा. घासून घासून काटकोनात आणायचा, निदेशक सर गुण्या लावून उजेडाकडे धरणार, फटीतून उजेड दिसला की परत. तळहाताला फोड आले. मी घरी येऊन रडले, पण त्या तुकड्यासाठी नाही, पोरं हसली म्हणून. महिन्याभराने त्याच पोरांचे ब्रिटानिया जॉइंट (जाड तारांचा सांधा) सुटत होते आणि माझे नाही, तेव्हा हसणं थांबलं. दुसऱ्या वर्षी मोटर वाइंडिंग. ते मात्र मला मनापासून आवडलं. तुमची मुलगी रिवाइंडिंगच्या दुकानात बसली असेल तर तिला पहिल्याच दिवशी कंटाळा येऊ शकतो, तिला आधीच सांगून ठेवा की कानस चुकत नाही.

मग एक वर्ष अप्रेंटिसशिप, एका वीजकेंद्रात. स्टायपेंड बसच्या पासात आणि डब्यात जायचा. खरा त्रास कामाचा नव्हता. आमच्या सेक्शनला बायकांसाठी बाथरूमच नव्हतं, ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जावं लागे, दहा मिनिटं जायला आणि दहा यायला. मी पाणी पिणं कमी केलं आणि पुढे त्याचं दुखणं भोगलं. मुलीला कुठेही लावाल तर आधी हे पाहा. ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा आहे ते नंतर.

त्यानंतर हिंगणा एमआयडीसीत पॅनल बोर्ड बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात तीन वर्षं. पगार कमी होता, पण ड्रॉइंग वाचायला तिथेच शिकले. २०१८ ला रेल्वेची असिस्टंट लोको पायलट आणि टेक्निशियनची मोठी भरती निघाली, तिला दहावी आणि आयटीआय चालत होतं. आज इलेक्ट्रिक इंजिनाच्या शेडमध्ये टेक्निशियन आहे. बी.ई. झालेली मुलंही त्याच भरतीतून असिस्टंट लोको पायलट झाली. त्यांच्याकडे आयटीआय नव्हता, पण डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना लोको पायलटचा रस्ता होता.

लग्न? झालं. सासूबाई आता शेजाऱ्यांना सांगतात, "सूनबाई रेल्वेत आहे." काय करते ते कोणी विचारत नाही.

खडू_डस्टर

मी पॉलिटेक्निकमध्ये ३० वर्षं इलेक्ट्रिकल शिकवून निवृत्त झालो. तुम्ही सल्ला नको म्हणालात, पण वर एक गोष्ट राहून जाते आहे.

आयटीआय आणि अकरावी सायन्स या दोनच खोल्या नाहीत, मध्ये डिप्लोमा आहे. दहावीनंतर तीन वर्षं, प्रवेश दहावीच्या गुणांवर, मुलींना ३० टक्के जागा राखीव. ८८ ला नागपुरातल्या सदर भागातल्या शासकीय पॉलिटेक्निकचा विचार जरूर करावा. नंतर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर त्या डिग्रीला २०२४ पासून मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं.

पण डिप्लोमा म्हणजे वरचा आयटीआय, असं मात्र समजू नका. माझे कितीतरी विद्यार्थी यात फसले. तंत्रज्ञाच्या जागेला जाहिरातीत आयटीआयचा ट्रेड मागितलेला असतो, तिथे "मी तर डिप्लोमा आहे, जास्तच शिकलोय" हे चालत नाही, अर्ज बाद होतो. उलट ज्युनिअर इंजिनिअरला डिप्लोमा लागतो, तिथे आयटीआय चालत नाही. महावितरणच्या विद्युत सहायकासाठी इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड पाहतात. म्हणून तिला एक विचारा: बिघाड स्वतः काढायचा आहे, की काढणाऱ्यांना काम नेमून द्यायचं आहे? दोन्ही हवं असेल तर दोन वर्षं आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात येता येतं. एक वर्ष जास्त जातं. अशी जी मुलं माझ्या वर्गात यायची त्यांना गणितात धाप लागायची, आणि लॅबमध्ये बाकीचे त्यांच्या मागे उभे राहायचे. ८८ वाली गणितात अडेल असं वाटत नाही.

बारावीची चिंता असेल तर: दहावीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय आणि सोबत बोर्डाचे भाषा विषय दिले, तर राज्यात बारावीची समकक्षता मिळते. फक्त ती सायन्सची बारावी नव्हे. नीट-जेईईचं दार त्याने उघडत नाही, हे मामांनाही कळू द्या, तिलाही.

छतावरचा_माणूस

मुनीमजी, मी सोलर बसवतो, मानेवाडा, बेसा, पिपळा, सगळीकडे. स्वतः आयटीआय वायरमन, नंतर पर्यवेक्षकाचा परवाना काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि ३ किलोवॉटला ७८,००० सबसिडी म्हटल्यावर जो तो छतावर पॅनल मागून राहिला. पॅनल चढवणारे पोट्टे खूप सापडतात. अर्थिंगचा खड्डा नीट करणारा सापडत नाही. कोळसा-मीठ टाकलं, फोटो काढला, झालं. मीटरने रेझिस्टन्स मोजून दाखव म्हटलं की चेहरा पाहतात.

तुमच्या पोरीने तिसरी पिन उघडून पाहिली आणि नंतर बोर्डही तपासला. कुलर सुरू झाल्यावर थांबली नाही. माझ्याकडे सहा जण आहेत, त्यातला एक असं करतो.

वाईट बाजूही ऐका. मे महिन्यात पत्र्यावर सकाळी दहानंतर हात टेकवत नाही. पहाटे साडेपाचला काम सुरू. गिऱ्हाईक पैसे थकवतं. आणि कॉन्ट्रॅक्टरकडे रोजाने असलेल्या पोराला पीएफ वगैरे विसरा, मी दोघांचा भरतो, चौघांचा अजून जमलं नाही, खोटं काहून बोलू. दुपारी घरात बाईमाणूस एकटं असतं, इन्व्हर्टर आतल्या खोलीत लावायचा असतो, तेव्हा दहा वेळा विचारतात, "भाऊ, लेडीज कोणी नाही का तुमच्याकडे?" कामाला तुटवडा नाही. मार्गी लागल्यावर परवाना तिच्या स्वतःच्या नावाने काढा म्हणा, दुसऱ्याच्या परवान्यावर सह्या मारून घेणारे फार आहेत.

बुटीबोरी_सेकंड_शिफ्ट

मेकॅनिकल बी.ई., २०१६. चार वर्षं अभ्यासिकेत एमपीएससी, दोनदा पूर्व निघाली, मुख्य नाही. आता बुटीबोरीला क्वालिटीत. वाईट चाललंय असं नाही. पण आमच्या लाइनवर मशीन बंद पडलं की सगळे साहेब हात मागे बांधून उभे राहतात आणि आयटीआयवाल्या मेंटेनन्सच्या दादाची वाट पाहतात. मीही त्यातलाच. बाकी तुम्ही ठरवा.

कॉटन_मार्केट

ठीक आहे बाप्पा, मी माझं मत मागे घेत नाही, पण डिप्लोमाचं पटलं. पोरगी हुशार आहे, फार खाली नका टाकू एवढंच म्हणणं.

तारतंत्री

"खाली" म्हणजे कुठे, दादा? मी पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) तपासायला इंजिनाच्या छतावर चढते.

इतवारीचा_मुनीम

मंडळी, दोन दिवस दुकानात माल उतरत होता, उत्तर द्यायला उशीर झाला.

सगळा धागा तिला मोबाइलवर वाचायला दिला. सरांचा प्रश्न विचारला, बिघाड काढायचा की काम नेमून द्यायचं? म्हणाली, "आधी काढता आल्याशिवाय नेमून कसं देणार?" मग कागदावर दोन रकाने आखले (हे मात्र माझ्याकडून उचललं). आयटीआयने डिप्लोमा संपायला चार वर्षं, थेट गेलं तर तीन. त्या एका वर्षात हातात ट्रेड येतो आणि आयटीआयवाल्या भरत्या उघड्या राहतात. ती त्या रकान्याकडे झुकून आहे. तिची आई थेट डिप्लोम्याकडे. मी दोघींच्या मध्ये जेवून राहिलो.

तूर्त ठरलं ते एवढंच की दोन्हीकडचे फॉर्म भरायचे आणि नंबर कुठे लागतो ते पाहून बोलायचं. मामांना फोन करून सांगितलं. ते अर्धा मिनिट गप्प, मग म्हणाले, आमच्या घरची इन्व्हर्टरची बॅटरी सारखी उतरते, तिला रविवारी पाठवता का.

तारतंत्री ताई, तुम्हाला तिचा निरोप आहे: पुढच्या वेळी काटकोनाचा तुकडा किती दिवसांत जमला ते आकड्यात सांगा. आणि बाथरूमचं तिच्या आईने वाचलं. दोन्ही ठिकाणी आत जाऊन स्वतः पाहणार म्हणते.

शेवटचं विचारतो. डोमिसाइल आहे, नॉन-क्रीमी लेयरचा अर्ज सेतूत टाकला आहे, दाखला अजून हातात नाही. नुसत्या पावतीवर डिप्लोमाचा फॉर्म पुढे जातो का?

खडू_डस्टर

बहुतेक वर्षी अर्ज केल्याची पावती जोडून फॉर्म भरू देतात आणि मूळ दाखल्याला मुदत देतात, पण नियम दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतो, तोच धरा. पावतीवरची तारीख फॉर्मच्या शेवटच्या तारखेआधीची हवी. मुदतीत दाखला आला नाही तर ओपनमध्ये टाकतात, म्हणून सेतूत दर दोन दिवसांनी चक्कर मारा. फोनवर ते "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच सांगतात.

तारतंत्री

अकरा दिवस. तिला सांगा, माझा बारावा तुकडा होता तो.