गणेशोत्सवाच्या फलकावर बुडालेली नगरी

ए-104 :
सर्वांना नमस्कार. यंदाच्या गणेशोत्सवात ‘समुद्रात बुडालेली नगरी’ हा देखावा करायचे मुलांनी ठरवले आहे. फलकाचा मजकूर मी काल येथे पाठवला होता. खंबातच्या आखातात साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे शहर सापडले, दक्षिणेला कुमारी कंदम हा खंड बुडाला आणि तेथून वाचलेल्या लोकांनी सिंधू संस्कृती उभारली, म्हणून तेच आपले मूळ पूर्वज, असा त्याचा सारांश आहे. कोणाची हरकत नसेल तर रविवारी फलक रंगवायला देतो.

सी-201 :
काका, देखाव्याची कल्पना मला मनापासून आवडली. माझी हरकत मजकुराला आहे, आणि ती सविस्तर मांडते, कारण इतकी वर्षे भूगोल शिकवल्यावर मुलांच्या नावाने चुकीची माहिती लागलेली मला पाहवणार नाही.

आधी खंबात. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तेथील समुद्रतळाची ध्वनिलहरींनी पाहणी केली, त्यात काटकोनी आकृत्या दिसल्या आणि मे 2001 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी या शोधाची घोषणा केली. तळातून उपसून काढलेल्या वस्तूंमध्ये लाकडाचा एक तुकडा होता आणि साडेनऊ हजार वर्षे हे वय त्या तुकड्याचे आहे. लाकूड जुने निघाले म्हणून शहर तितके जुने ठरत नाही, कारण ते लाकूड कोणत्याही भिंतीत वा जमिनीच्या थरात बसलेले मिळालेले नाही. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती या चारही नद्या त्या आखातात गाळ आणून टाकतात, आणि तेथील भरती-ओहोटी देशातील सर्वांत जोरदार भरती-ओहोट्यांपैकी आहे. पूर ओसरल्यावर संगम माहुलीच्या घाटावर अडकलेले ओंडके आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते ज्या पायरीवर सापडले त्या पायरीचे वय त्यांच्यावरून कोणी काढत नाही.

बी-302 :
बाई, मग द्वारकाही खोटी म्हणायची का? आम्ही गेल्याच वर्षी यात्रा करून आलो. सासूबाईंनी हे वाचले तर त्यांना फार वाईट वाटेल.

सी-201 :
नाही वहिनी, उलट द्वारकेचे काम फलकावर अवश्य असावे. लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव यांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे 1980 च्या दशकात द्वारका आणि बेट द्वारका येथे पाणबुडे उतरवून शोध घेतला. घडीव दगड आणि जहाजांचे भोके पाडलेले पाषाणी नांगर तेथे मिळाले, बेट द्वारकेला शंखात कोरलेली तीन तोंडांच्या प्राण्याची मुद्राही मिळाली, आणि ही मुद्रा हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाशी जुळते. त्या दगडांचे आणि नांगरांचे वय किती, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे, पण तेथे जुने बंदर नांदत होते यात शंका नाही. सासूबाईंची श्रद्धा या नांगरांवर टेकलेली नाही, त्यामुळे त्यांना वाईट वाटण्याचे कारण नाही.

डी-403 :
ताई, कुमारी कंदमाबद्दल तर तमिळ परंपरेत जुने उल्लेख आहेत, असे वाचले होते.

सी-201 :
बरोबर वाचले आहे. समुद्राने नगरे गिळल्याच्या कथा संगम या प्राचीन तमिळ साहित्याच्या परंपरेत आहेत आणि त्या जुन्या आहेत. अख्ख्या खंडाची कल्पना मात्र वेगळ्या वाटेने आली. लेमूर हे प्राणी मादागास्करमध्ये आढळतात आणि त्यांच्यासारखे प्राणी भारतात, ते कसे, हे समजावण्यासाठी फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1864 साली मधल्या समुद्रात बुडालेली जमीन कल्पिली आणि तिला ‘लेमूरिया’ नाव दिले. पुढे थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या हेलेना ब्लाव्हात्स्की यांनी तीत आदिमानव वसवले, आणि त्यानंतर तमिळ अभ्यासकांनी आपल्या जुन्या कथा तिच्याशी जोडल्या. भूखंड सरकतात हे सिद्ध झाल्यावर मधल्या जमिनीची गरज उरली नाही. मादागास्कर भारतापासून सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी सुटले, तर आपल्या मानवजातीचे वय सुमारे 3 लाख वर्षे आहे, म्हणजे ही ताटातूट पाहायला कोणी माणूस नव्हता.

मला यात खरोखर भारून टाकणारी गोष्ट वेगळीच वाटते. सोसायटीची बोअर मारताना जी राखाडी भुकटी उडाली होती, ती सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. अजिंक्यताराही त्याच दगडाचा. हा लाव्हा वाहिला त्याच सुमारास आपल्या पश्चिम किनाऱ्याचा एक तुकडा सुटून दूर गेला, आणि आज आपण त्याला सेशेल्स बेटे म्हणतो. मुलांना हरवलेली जमीन दाखवायचीच असेल तर ही दाखवावी.

ए-104 :
पण बाई, इतक्या कथा उगीच तयार होत नाहीत.

सी-201 :
काका, उगीच होत नाहीत हे मलाही मान्य आहे. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. त्यानंतर पाणी चढत गेले आणि किनाऱ्यालगतच्या रुंद पट्ट्या बुडाल्या. तेथे माणसे राहत असणार हे मी ठामपणे म्हणेन, पण त्यांची नगरे होती असे म्हणायला आधार नाही. सिंधू संस्कृतीची पाळेमुळे बलुचिस्तानातील मेहरगढसारख्या शेतकरी वस्त्यांत, जमिनीवरच दिसतात. आपल्याजवळचे उदाहरण म्हणजे घोड नदीकाठचे इनामगाव. डेक्कन कॉलेजने तेथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरे उकलली, आणि त्या घरांच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेली लहान मुले मिळाली.

माझे आजोळ कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात आहे. एका उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, तेव्हा आईला घेऊन मी बामणोलीहून लाँचने तेथे गेले होते. भिंती नव्हत्या, लाकूड तर गाव उठतानाच लोकांनी नेले होते, पण गाळात घराचे जोते होते आणि त्याच्याशेजारी तोंडापर्यंत रुतलेले उखळ होते. आईने जोत्यापाशी चपला काढल्या आणि वर चढून, ही पडवी, हे माजघर, येथे गोठा, असे एकेक जागेवर उभे राहून सांगितले. तिला ते सांगता आले, कारण दगड आपापल्या जागी होते. पुरातत्त्वज्ञ मागतात ते एवढेच, आणि खंबातच्या उपशात तेच नाही. गावाचा पार मात्र आईच्या आणि मामांच्या बोलण्यात वर्षागणिक मोठा होत गेला होता. मी पाहिला तो चार पावलांचा निघाला. ते खोटे बोलत नव्हते. गाव गेले होते, आणि ते गेल्याचे दुःख त्या पाराएवढे होते.

म्हणून कथा फलकावर जरूर लिहा, पण कथा म्हणून. द्वारका आणि इनामगाव यांना मोठ्या अक्षरांत जागा द्या, आणि ‘आपले मूळ पूर्वज’ ही ओळ काढा.

ए-104 :
मान्य आहे. ती ओळ काढतो आणि नवीन मजकूर उद्या तुम्हाला दाखवतो. त्या जोत्याचा फोटो असेल तर फलकाच्या कोपऱ्यात लावू.

सी-201 :
आहे. रविवारी सकाळी आणून देते. कडेला आईच्या चपला दिसतात, फोटो कापताना तेवढी कड राहू द्या.