अनुभव धागा : गोचीड, पिसवा आणि जंत यांच्यापासून घरातल्या मुक्या जिवांना कसे जपलेत?

धागाकर्ती, पुणे
शेजारच्यांनी परवा कुत्र्याचे पिल्लू आणले. त्याला मांडीवर घेताच सवयीने मी कानाची पाळी उलटून पाहिली, आणि आतल्या घडीत रक्त पिऊन टम्म फुगलेली राखाडी गोचीड दिसल्यावर आमचा मोती आठवला. आम्ही तेव्हा पेठेतल्या जुन्या वाड्यात राहत होतो. मोती जेवणाकडे पाठ फिरवू लागला, त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि एके सकाळी त्याच्या नाकातून रक्त आले. रक्ततपासणीत प्लेटलेट फारच कमी निघाल्या. निदान झाले ते एर्लिकिया या गोचिडीतून होणाऱ्या रोगाचे, म्हणजे सगळे ज्याला ‘टिक फीव्हर’ म्हणतात त्याचे. चार आठवडे डॉक्सीसायक्लिन दिल्यावर तो सावरला, परंतु खरा उपाय डॉक्टरांनी घरी येऊन भिंतीकडे बोट दाखवून सांगितला. ही तपकिरी गोचीड रक्त पिऊन झाले की अंगावरून उतरते, भिंतीच्या भेगांत किंवा चौकटीमागे जाऊन कात टाकते, आणि मादी शेवटी तिथेच हजारो अंडी घालते. तिच्या आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगाबाहेरच जातो. आम्ही साऱ्या भेगा सिमेंटने बुजवल्या, मोतीचे अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढले आणि डॉक्टरांनी दिलेले औषध ठरलेल्या तारखांना न चुकता लावले, तेव्हा कुठे वाडा गोचिडींपासून मोकळा झाला. आपापले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

नाशिकहून
चिकटलेली गोचीड काढण्यासाठी रॉकेल, तूप किंवा पेटती काडी वापरू नये. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत तोंडापाशी धरून सरळ वर ओढावी, बोटांनी चिरडू नये, आणि ती जागा जंतुनाशकाने पुसावी. फिरून आल्यावर कान, काख, बोटांमधल्या फटी आणि पट्ट्याखालची मान एवढे तरी रोज तपासावे.

सावंतवाडीहून
आमच्याकडे २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला, तेव्हापासून काजूच्या बागेत जाऊन आलेल्या माणसाचेही कपडे बाहेरच उतरवले जातात. तो रोग पसरवणारी गोचीड रानातली आहे, ताईंच्या वाड्यातली नव्हे. परंतु रानात हुंदडून आलेला कुत्रा अंगावर गोचिडी घेऊन थेट माजघरात येतो, म्हणून आम्ही त्याला आधी पडवीत बसवून केस उलटे विंचरतो.

दादरहून
मांजरे पाळणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. कुत्र्यांच्या मानेवर सोडण्याच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. आमच्याच मजल्यावरच्या एका घरी उरलेले औषध मांजरीला लावले गेले. संध्याकाळपर्यंत तिचे अंग थरथरू लागले, रात्री झटके आले, आणि वेळेत दवाखान्यात नेल्यामुळेच ती वाचली. घरात दोन्ही प्राणी असतील आणि कुत्र्याला असे औषध लावले असेल, तर ते पुरते वाळेपर्यंत मांजराला त्याच्यापासून दूर ठेवावे.

कोल्हापूरहून
दादरच्या ताई, आपण हे लिहिलेत ते फार बरे झाले. मी पिसवांविषयी लिहितो. गावचे घर उन्हाळाभर बंद होते; दार उघडून आत पाऊल टाकताच पोटरीपर्यंत पिसवा चढल्या. पिसूचा कोश महिनोन्महिने तसाच पडून राहतो आणि पावलांची कंपने व अंगाची ऊब जाणवली की फुटतो, हे नंतर पशुवैद्यांकडून समजले. अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम वीसाव्या हिश्श्याइतक्या असतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोश सतरंजीत, फरशीच्या सांध्यांत आणि सोफ्याखाली दडलेले असतात. म्हणून जनावराला औषध लावायचे आणि त्याच काळात घरही पुन्हा पुन्हा झाडून काढायचे.

याच पिसवांतून जंतही होतात. अंग चावताना कुत्रा पिसू गिळतो आणि पोटात पट्टकृमी वाढतो. शेपटीखाली तांदळाच्या कणीएवढे पांढरे, वळवळणारे तुकडे दिसले, तर पायरँटेल हे जंतांचे नेहमीचे औषध त्यावर चालत नाही; प्राझिक्वांटेल असलेली गोळी लागते, आणि पिसवा गेल्या नाहीत तर जंत पुन्हा होतात.

ठाण्याहून
पिल्लाला जंताचे पहिले औषध कधी द्यावे? आमच्याकडे जन्मलेली पिल्ले नुकतीच डोळे उघडू लागली आहेत.

कोल्हापूरहून
दोन आठवड्यांची झाली की सुरुवात करावी, कारण गोल जंत आईच्या पोटातूनच येतात आणि अंकुशकृमी दुधातून. पुढे दर पंधरवड्याला तिसऱ्या महिन्यापर्यंत, मग सहाव्या महिन्यापर्यंत दरमहा द्यावे. आईलाही सोबत द्यावे. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा प्रत्येक पिल्लू वेगळे तोलून डॉक्टरांना विचारावे.

संगमनेरहून
आमच्याकडे सीताफळाच्या बियांची पूड चोळण्याची जुनी रीत आहे. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते, आणि कुत्रा अंग चाटतोच. त्यामुळे माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे की ही रीत सोडावी. लसूण खाऊ घालण्याचा सल्लाही तितकाच घातक आहे, कारण त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

न्यू जर्सीहून
इकडे हरणांवरच्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो. थंडीतही पारा गोठणबिंदूच्या वर गेला की मोठ्या गोचिडी हालचाल करतात, म्हणून आम्ही औषध बारा महिने चालू ठेवतो. शिवाय डासांतून होणाऱ्या हृदयकृमीसाठी दरमहा गोळी असते आणि ती सुरू ठेवण्यासाठी वर्षातून एकदा रक्त तपासावे लागते.

ठाण्याहून
आमच्या मोठ्या कुत्रीला पूर्वी फेफरे आले होते. गोचिडीसाठी चघळण्याची गोळी मिळते, ती तिला चालेल का? दुकानदार म्हणतात की बिनधास्त द्या.

धागाकर्ती, पुणे
दुकानदारांच्या शब्दावर देऊ नये. अशा गोळ्यांतली फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर ही एकाच गटातली औषधे आहेत. बहुतेक कुत्र्यांना ती चांगली मानवतात, तरी त्यांतून काही जनावरांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला आहे. फेफऱ्याचा इतिहास डॉक्टरांना आधी सांगावा. ते तिच्यासाठी दुसरे काही सुचवतील. कुणाकडे कोली जातीचा कुत्रा असेल, तर आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधाच्या इंजेक्शनाबाबतही असेच विचारून घ्यावे.